वाळवंटातील खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी घ्यायची झाली तर घर ठाऊक असते, घराला दार असते, आणि दार ठोठावले म्हणजे आतून कोणी ना कोणी ओ देते. वाळवंटातील सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या बाबतीत घर सापडले तरी धनी आत आहे की नाही हे समजत नाही, आणि आत असला तरी वर्षातील बहुतेक दिवस तो बाहेर येण्याचे नाव घेत नाही. असे असूनही गेल्या पाऊणशे वर्षांत जगातील अनेक वाळवंटांतून या प्राण्यांची हंगामी मोजदाद होत आली आहे, तिच्यासाठी सरकारी खजिन्यातून मोठ्या रकमा मंजूर झाल्या आहेत, आणि तिच्यातून निघालेल्या आकड्यांवर लष्करी तळ, वीजकेंद्रे व वसाहती यांचे निकाल लागले आहेत. तेव्हा हे आकडे मिळतात कसे, त्यांत पाहिलेले किती व अनुमानाचे किती, आणि आपल्या थरच्या वाळवंटासाठी त्यांतून काय घेण्यासारखे आहे, याचा एकत्र विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. या विवेचनाचा मुख्य आधार म्हणून अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावे वाळवंट व त्याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. कारण तेथील वाळवंटी कासवाची जितकी दीर्घकाळ आणि तपशीलवार मोजणी झाली, तितकी वाळवंटातील दुसऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

प्रथम ऋतूचा प्रश्न घेऊ. या प्राण्यांना शरीराची ऊब उन्हातून व तापलेल्या मातीतून घ्यावी लागते, आणि वाळवंटात हीच ऊब सकाळी अपुरी व दुपारी प्राणघातक होत असल्यामुळे त्यांच्या हालचालीचा काळ फार आखूड असतो. मोहावेतील कासव आपल्या आयुष्याचा शेकडा पंच्याण्णव भाग बिळात काढते. हिवाळी पावसावर उगवलेली रोपटी वसंतात हिरवी आहेत तोवर पोटभर चरून घ्यावे, सर आली तर खळग्यात साचलेले पाणी पिऊन मूत्राशयात साठवावे, आणि पुढील कोरडे महिने त्या साठ्यावर ढकलावेत, असा त्याचा क्रम आहे. सरडे वाळू तापू लागली म्हणजे निघतात आणि माध्यान्ही दिसेनासे होतात. साप उन्हाळ्यात रात्रीचे हिंडतात, आणि रात्रीही ऊब धरून राहणाऱ्या डांबरी सडकांवर हमखास आढळतात. काही भेक तर उन्हाळी वादळांच्या मोजक्या रात्रींखेरीज वर येतच नाहीत. एकाच भूमीतील या रहिवाशांची पंचांगे अशी निरनिराळी असल्यामुळे पाहणीचे कामही महिन्यांत व प्रहरांत वाटून द्यावे लागते, आणि त्यासाठी दर वर्षी दोन-चार महिन्यांच्या मुदतीने नेमलेल्या तरुण हंगामी कर्मचाऱ्यांवर अवलंबून राहावे लागते. या व्यवस्थेचे गुणदोष पुढे ओघाने येतीलच.

मोहावेतील मोजदादीचा आरंभ कोणा मोठ्या सरकारी योजनेतून झाला नाही. यूटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील बीव्हर डॅम उतारावर अँगस वुडबरी व रॉस हार्डी या दोघा अभ्यासकांनी कासवांवर खुणा केल्या, हिवाळ्यात ती ज्या खोल विवरांत एकत्र राहतात ती विवरे तपासली, वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, आणि १९४८ मध्ये आपला विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सरकारी जमिनींवर सुमारे एक चौरस मैलाचे कायमचे चौरस आखण्यात आले. त्यांवर काही वर्षांच्या अंतराने वसंत ऋतूत साठ-साठ दिवस कसून शोध घ्यायचा, सापडलेल्या प्रत्येक कासवाच्या कवचाच्या कडेला ठरावीक जागी खाच पाडून त्याला क्रमांक द्यायचा, आणि पुढल्या फेरीत जुने किती व नवे किती भेटतात यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत होती. एकाच जागी पुनःपुन्हा जाण्याचा लाभ असा की, वाढ, मृत्यू, रोग आणि नर-माद्यांचे प्रमाण यांचा अखंड दाखला मिळतो. तिच्यातील वैगुण्य मात्र मुळातच होते: कासवे भरपूर असल्याचा लौकिक होता अशाच जागी हे चौरस बहुधा आखले गेले होते, आणि त्यामुळे तेथील घट ही सगळ्या वाळवंटाची घट की त्या भाग्यवान चौरसाचे भाग्य संपल्याची खूण, हा वाद कधी मिटला नाही.

याच काळातील आणखी एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. नेवाडा राज्यात, अणुबाँबच्या चाचण्या जेथे होत त्या क्षेत्रातील रॉक व्हॅली येथे, किरणोत्सर्गाचा प्राण्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १९६० च्या दशकात काही जमीन कुंपणाने बंदिस्त केली होती. त्या कुंपणात असलेल्या कासवांना खुणा करून त्यांची मापे घेण्यात आली; मूळ प्रयोजन संपले तरी फिलिप मेडिका यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती मापे कित्येक दशके पुढे चालू ठेवली, आणि तीच कासवे बाल्यापासून प्रौढत्वापर्यंत डोळ्यांसमोर वाढली. त्यांतून निघालेला निष्कर्ष साधा पण मोलाचा आहे. ज्या हिवाळ्यात पाऊस चांगला त्याच्या पुढल्या वसंतात वाढ चांगली, आणि अवर्षणाच्या वर्षी वाढ जवळजवळ शून्य. म्हणजे वाळवंटातील कासवाचे वय वर्षांनी मोजण्यापेक्षा पावसांनी मोजणे अधिक रास्त. ज्या प्राण्याला प्रजननक्षम होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात आणि जो पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो, त्याच्याविषयी दोन-तीन हंगामांच्या पाहणीवरून निकाल देणे म्हणजे उतावळेपणाच होय.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम मोहावेत नाक गळणारी, डोळे सुजलेली, कृश कासवे मोठ्या संख्येने आढळू लागली. श्वसनमार्गाच्या या रोगामागे मायकोप्लाझ्मा वर्गातील जंतू असल्याचे पुढे सिद्ध झाले. रोगाच्या जोडीला इतर कारणेही साठली होती: गुरांची चराई, वाळूवर धावणाऱ्या मोटारी, परदेशी गवतामुळे वाळवंटात पूर्वी सहसा न लागणारे वणवे, आणि माणसांच्या कचऱ्यावर व पाण्यावर पोसून बेसुमार वाढलेले डोमकावळे, जे मऊ कवचाची पिल्ले टोचून खातात. १९९० च्या एप्रिल महिन्यात कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील कासवांना संघराज्याच्या कायद्याने संरक्षण मिळाले, १९९४ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना तयार झाली, आणि तिची सुधारित आवृत्ती २०११ मध्ये निघाली. कायद्याने संरक्षण दिले म्हणजे ते केव्हा काढून घेता येईल हेही ठरवावे लागते, आणि त्यासाठी हजारो चौरस किलोमीटरांच्या विस्तारात कासवे वाढतात की घटतात याचा विश्वसनीय पुरावा लागतो. मूठभर चौरसांच्या आधारे तो देता येईना, म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून सर्व क्षेत्रभर दुसरी पद्धत अमलात आली.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. नकाशावर यदृच्छेने नेमून दिलेली बारा किलोमीटरांची वाट दोघांची एक तुकडी पहाटेपासून चालू लागते. पुढचा होकायंत्राच्या काट्यावर नजर ठेवून दरी-टेकडी न टाळता सरळ जातो, मागचा पंचवीस मीटर लांबीच्या दोरीचे टोक धरून त्याच्या मागोमाग येतो. जमिनीवरून सरकणारी ती दोरी हीच त्यांची मध्यरेषा. क्रिओसोटच्या झुडपांच्या बुंध्याशी, कोरड्या ओढ्यांच्या कडांतील कपारींत दोघांची दृष्टी फिरत असते. बीळ दिसले तर आरशाने सूर्याचा कवडसा आत सोडून तळापर्यंत पाहायचे. कासव भेटले की दोरीपासून त्याचे लंब अंतर मोजायचे, प्रत्येक कासवासाठी नवे हातमोजे चढवायचे, कवचाची सरळ लांबी घ्यायची, ती एकशे ऐंशी मिलिमीटर वा अधिक भरली तर प्रौढ म्हणून नोंद करायची, आणि कवचावर बारीक क्रमांकपट्टी चिकटवून त्याला जेथल्या तेथे सोडायचे. जमिनीलगतच्या हवेचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेले की कासवाला हात लावण्यास मनाई. घाबरलेले कासव मूत्राशयातील पाणी सोडून देते, आणि महिनोन्‌महिन्यांची ती शिदोरी अशा रीतीने एका क्षणात सांडली तर उन्हाळ्यात त्याचा जीव जाऊ शकतो. संरक्षणासाठी मोजायला आलेल्या माणसानेच मरण ओढवू नये, या दक्षतेपायी दिवसातील कामाचे तास आणखी आखडतात.

अंतर मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दोरीवरच बसलेले कासव सहसा चुकत नाही, दहा मीटरांवरचे काही वेळा चुकते, वीस मीटरांवरचे बहुधा चुकते. ही घसरण मोजली म्हणजे न दिसलेली कासवे किती असावीत याचा गणिती हिशेब मांडता येतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण बिळाच्या तळाशी निजलेले कासव दोरीखालीच असले तरी दिसणार नाही. यासाठी जवळपासच्या काही कासवांच्या पाठीवर आधीच रेडिओ-प्रक्षेपक बसवलेले असतात. त्याच दिवशी, त्याच तासाला दुसरा निरीक्षक त्यांच्यापाशी जाऊन, यांतील किती जण या घटकेला डोळ्यांना दिसू शकतात, हे लिहून ठेवतो. चांगल्या पावसाच्या वसंतात हे प्रमाण वाढते, दुष्काळी वसंतात उतरते. हा दुरुस्तीचा हिशेब जोडला नाही, तर दुष्काळात कासवे मेली आणि पावसात जन्मली असा हास्यास्पद निष्कर्ष निघेल. वस्तुतः ती दोन्ही वर्षी तेथेच असतील, फक्त एका वर्षी घरात बसली असतील. वाळवंटी मोजदादीच्या सगळ्या शास्त्राचे सार माझ्या मते येथेच आहे: प्राणी मोजण्याआधी आपली दृष्टी किती तोकडी आहे ते मोजावे लागते, आणि ज्या पाहणीने हे दुसरे माप घेतले नाही तिच्या पहिल्या आकड्याला पुराव्याची किंमत देता येत नाही.

या रीतीने मिळालेला निष्कर्ष आनंददायक नाही. २००४ ते २०१४ या काळातील नोंदींच्या विश्लेषणात पाच पुनरुज्जीवन विभागांपैकी चार विभागांत प्रौढ कासवांची घनता घटत असल्याचे, आणि ईशान्य मोहावे या एकाच विभागात ती वाढत असल्याचे आढळून आले. दर चौरस किलोमीटरला ३.९ प्रौढ कासवे ही टिकाव धरण्याची किमान मर्यादा मानली जाते, आणि अनेक संरक्षित क्षेत्रे या मर्यादेखाली गेली आहेत. संरक्षण मिळून दोन तपे लोटल्यावरही अशी अवस्था असावी, यावरून मोजणी व्यर्थ ठरते असे कोणी म्हणेल; परंतु कागदोपत्री संरक्षण आणि भूमीवरचे संरक्षण यांतील अंतर या मोजणीखेरीज दुसऱ्या कशाने उघड झाले असते, हेही त्याने सांगितले पाहिजे.

जेथे प्राणी दिसत नाही तेथे त्याच्या मागे राहिलेल्या खुणा मोजण्याचा मोह होतो, आणि या मोहाने पुष्कळदा फसवले आहे. कॅलिफोर्निया व ॲरिझोनाच्या दक्षिण सीमेवरील रेताड प्रदेशात चपट्या शेपटीचा एक शिंगाळ सरडा राहतो. तो पळण्याऐवजी वाळूला चिकटून निश्चल पडतो, आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. म्हणून त्याच्या लेंड्या मोजून त्याची विपुलता ठरवण्याची प्रथा पडली. पण लेंड्या वाऱ्याने उडतात, पावसाने विरतात, कोरड्या वर्षी महिनोन्‌महिने टिकतात, आणि लेंड्यांच्या संख्येचा सरड्यांच्या संख्येशी भरवशाचा संबंध लागत नाही, असे तपासणीअंती दिसून आले. या सरड्याला संरक्षण देण्याचा प्रस्ताव १९९३ मध्ये मांडला गेला, तो मागे घेतला गेला, न्यायालयात गेला, पुन्हा उभा राहिला, आणि २०११ मध्ये शेवटी निकालात निघाला. या दीर्घ प्रवासात सरडे खरोखर किती आहेत हा प्रश्न सतत आडवा येत राहिला. आता वाळूवरील पावलांचा माग काढून प्रत्यक्ष सरडा पकडणे, खूण करून सोडणे व पुन्हा शोधणे, किंवा जमिनीच्या नेमलेल्या तुकड्यांना वारंवार भेटी देऊन तो तेथे आहे की नाही एवढेच ठरवणे, असे मार्ग पत्करले जातात.

अशा फसव्या आकड्यांचे उदाहरण आपल्या दफ्तरांतही आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाला सरकारी बक्षीस लावले होते, आणि मारून आणलेल्या फुरशांची संख्या लाखाच्या घरात गेल्याच्या नोंदी त्या वेळच्या कागदपत्रांत सापडतात. त्यावरून कोकणच्या जांभ्या सड्यांवर हा साप किती विपुल होता याची कल्पना येते खरी. पण बक्षीस वाढले की आकडा वाढे आणि बक्षीस घटले की आकडा घटे, तेव्हा त्या हिशेबाने फुरशांइतकीच माणसांची गरजही मोजली, असे म्हणावे लागते.

सरड्यांच्या व लहान सापांच्या पाहणीची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे जमिनीत तोंडापर्यंत पुरलेल्या बादल्या, आणि त्यांच्याकडे प्राण्याला वळवणारी वीतभर उंचीची आडवी भिंत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटात एरिक पियांका यांनी १९६० च्या दशकापासून केलेल्या कामात एकाच ठिकाणी सरड्यांच्या चाळीसहून अधिक जाती नांदत असल्याचे दाखवले, त्यांत अशा बादल्यांचा वाटा मोठा आहे. परंतु बादली हे निर्जीव साधन असले तरी तिचे पालकत्व सजीव माणसावर येते. रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी प्रत्येक बादली पाहिली नाही तर आतला प्राणी भाजून मरतो, आणि हंगाम संपल्यावर ती घट्ट झाकली नाही तर पुढे महिनोन्‌महिने ती मृत्यूचा सापळा होऊन राहते.

उभयचरांचा प्रकार याहून निराळा. सोनोरा वाळवंटातील काउचचा स्पेडफूट भेक वर्षातील बहुतेक काळ स्वतःला मातीखाली पुरून घेऊन राहतो. उन्हाळी वादळाच्या गडगडाटाने व पावसाच्या माऱ्याने जमीन थरथरली म्हणजे तो वर येतो, पहिल्याच रात्री डबक्यात अंडी घालतो, आणि त्याच्या बेडूकमाशांना आठ-दहा दिवसांत पाय फुटून बाहेर पडावे लागते, कारण त्यानंतर डबके उरत नाही. ज्या पाहणी-पथकाला मंजुरीचा कागद येण्यास पंधरवडा लागतो, त्याच्या दृष्टीने हा भेक अस्तित्वातच नाही. याउलट झऱ्यांवर जगणारे बेडूक बारमाही सापडतात. पण त्यांची सबंध जात दोन-चार झऱ्यांत कोंडलेली असते. मीड सरोवराच्या परिसरातील एक ठिपकेदार बेडूक १९५० च्या दशकात नामशेष झाला असे मानले गेले होते, तो १९९० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा सापडला, आणि तेव्हापासून विजेरी घेऊन रात्री झऱ्यांच्या काठाने चालत जाऊन त्याची गणना चालू आहे. नेवाडातील बीटी गावाजवळचा आमारगोसा भेक नदीच्या काही मैलांच्या टापूतच राहतो. कातडीखाली बारीक चिप सरकवून त्याची वर्षानुवर्षे मोजणी झाली, आणि गुरे व गाढवे पूर्णपणे हाकलली की गवत माजून उघडे पाणी नाहीसे होते आणि भेक घटतो, असे दिसून आले. जमीनमालकांच्या सहकार्याने उघडी पाणथळे राखली गेली, आणि २०१० मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण देण्याची आवश्यकता नाही असा निर्णय झाला. मोजणीवाचून केवळ सद्‌भावनेने कुंपण घातले असते, तर अपाय झाला असता. सद्‌भावनेचा दुसरा धोका बुटांच्या तळव्यातून येतो: कायट्रिड बुरशीने जगभर उभयचरांचा संहार केल्याचे उघड झाल्यापासून एका झऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट व जाळी निर्जंतुक करणे हा पाहणीचा पहिला नियम झाला आहे.

आता या आकड्यांचा जेथे खरा कस लागतो त्या प्रकल्पांकडे वळू. कॅलिफोर्नियातील इव्हानपा येथे आरशांनी सूर्याची उष्णता एकवटून वीज करण्याचे केंद्र बांधताना, परवान्यात गृहीत धरली होती त्याहून अधिक कासवे सापडू लागली, आणि २०११ मध्ये काम काही काळ थांबवावे लागले. आरंभीच्या शोधात जी दिसली नाहीत ती यंत्रे लागल्यावर दिसली. फोर्ट अर्विन या लष्करी सराव-क्षेत्राच्या विस्तारासाठी २००८ मध्ये शेकडो कासवे दुसरीकडे नेऊन सोडण्यात आली, आणि लवकरच त्यांतील अनेक कायोटींनी मारल्याचे आढळल्यावर स्थलांतरावर सर्व दोष ठेवण्यात आला. सुदैवाने न हलवलेल्या कासवांवरही रेडिओने देखरेख चालू होती. तीही त्याच प्रमाणात मारली जात होती, कारण अवर्षणाने ससे व उंदीर घटले होते आणि भुकेले शिकारी मिळेल त्यावर तुटून पडत होते. तुलनेसाठी राखलेला हा दुसरा गट नसता, तर चुकीचा धडा कायमचा शिकला गेला असता. नेवाडातील डिक्सी व्हॅली येथील छोटा भेक तर २०१७ मध्ये स्वतंत्र जात म्हणून शास्त्राला प्रथम ज्ञात झाला, आणि त्याच्या उष्ण झऱ्यांशेजारी भूगर्भातील उष्णतेवर वीज करण्याची योजना उभी राहिल्यामुळे २०२२ मध्ये त्याला तातडीने संरक्षण द्यावे लागले. सूर्य आणि भूगर्भ यांची वीज धुराविना मिळते हे खरे; परंतु ओसाड म्हणून जी जमीन तिला प्रथम देऊ केली जाते, ती ओसाड असल्याची शहानिशा अगोदर झालेली नसते.

हंगामी कर्मचाऱ्यांची जी व्यवस्था वर सांगितली, तिचा विचार येथे केला पाहिजे. मार्चमध्ये येणारा उमेदवार पहिले काही दिवस स्टायरोफोमच्या नकली कासवांवर शोधण्याचा सराव करतो, आणि किती नकली कासवे त्याला चुकली यावरून त्याच्या दृष्टीचा दाखला ठरतो, ही पद्धत उत्तम आहे. पण मे संपताना, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठावर बिळे असतात हे जेव्हा त्याला न सांगता कळू लागते, तेव्हाच त्याची मुदत संपते. पुढल्या वर्षी तो दुसऱ्या राज्यात दुसऱ्या प्राण्याच्या मागे असतो, आणि त्याच्या जागी नवा उमेदवार पुन्हा नकली कासवांपासून आरंभ करतो. आकडे दफ्तरात राहतात, जाण मात्र माणसाबरोबर निघून जाते. रॉक व्हॅलीसारख्या कामाचे मोल एवढ्याचसाठी अधिक आहे की, तेथे नोंदवही आणि तिचा लेखक ही जोडी पुष्कळ काळ टिकली.

आपल्या थरविषयी पाहू गेल्यास आरंभ काही वाईट झाला नव्हता. स्टोलिच्का यांनी कच्छमधील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवरील टिपण १८७२ मध्येच प्रसिद्ध केले, माल्कम स्मिथ यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरील खंड १९३१ ते १९४३ या काळात निघाले, मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात राजस्थान-कच्छच्या नोंदी सतत येत राहिल्या, आणि प्राणिसर्वेक्षण खात्याचे मरुप्रदेश केंद्र १९६० मध्ये जोधपुरास स्थापन झाले. जैसलमेरजवळच्या लोंगेवाला येथील वाळूच्या टेकड्यांतून आर. सी. शर्मा यांनी एका भेकमुख्या सरड्याची नवी जात १९७८ मध्ये वर्णिली. पण कोण कोठे आढळतो याची यादी झाली म्हणजे किती आहेत आणि वाढतात की घटतात याचे उत्तर मिळत नाही. वनखात्याची लोकप्रिय गणना बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून होते. पण सांडा, म्हणजे मरुभूमीतील काटेरी शेपटीचा सरडा, पाणवठ्यावर येत नाही, तो गवत-पाल्यातूनच आपली तहान भागवतो, आणि रात्री बिळाचे तोंड आतून मातीने बंद करून निजलेला असतो.

या सांड्याकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे. तेलाच्या भ्रामक गुणांपायी त्याची शिकार होते, बाजारात त्याच्या नावावर भलतेच तेल खपते, आणि गरुड-ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांचे मोठे खाद्य म्हणून साऱ्या गवताळ मरुभूमीचा भार त्याच्यावर आहे. मोजण्याच्या दृष्टीने तो कासवापेक्षा सोयीचा आहे. त्याचे बीळ कठीण, सपाट जमिनीत अर्धचंद्राकृती तोंडाचे असते, साधारणतः एका बिळात एक प्रौढ राहतो, आणि ताजी उकरलेली माती, लेंड्या व काटेरी शेपटीची रेघ यांवरून बीळ वापरातले की ओस पडलेले हे बरेचसे ठरवता येते. थंडीतील सुप्तावस्था संपली की फेब्रुवारी-मार्चपासून तो सकाळी बाहेर येऊ लागतो. ताल छापर, बिकानेरजवळचे जोडबीड, जैसलमेर-बाडमेरमधील सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरांचे मरु राष्ट्रीय उद्यान आणि कच्छमधील नलिया-बन्नीचे माळ येथे ठरावीक पट्टे आखून, दर वसंतात बिळे मोजावीत, आणि त्यांपैकी काही बिळांवर दुर्बिणीने पहारा ठेवून शंभर बिळांमागे किती सांडे खरोखर बाहेर आले हे लिहावे. एवढे केले तरी मोहावेने शिकवलेले मुख्य तत्त्व साधते. भेकांसाठी पहिल्या पावसाच्या रात्री नाडी, टोबे व खडीन या स्थानिक पाणसाठ्यांच्या काठी कान देऊन बसावे लागेल. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरांहून कमी पाऊस पडतो आणि तोही लहरीने, तेव्हा जोधपूर किंवा दिल्लीहून निघालेले पथक त्या रात्री पोहोचेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

म्हणून हे काम स्थानिक माणसाकडेच सोपवले पाहिजे. राईका आणि इतर पशुपालकांना कोणत्या माळावर सांडे आहेत हे ठाऊक असते. निजलेल्या माणसाचा श्वास पिणाऱ्या ‘पीवणा’ सापाची कथाही वरवर भ्रामक दिसली, तरी तीत मण्यारीच्या दंशाची खूण दिसत नाही आणि माणूस झोपेतच दगावतो, हे अचूक निरीक्षण दडलेले आहे. अशा निरीक्षकांना वर्षभराचे वेतन, साधी नोंदवही, एक उष्णतामापक आणि एक पर्जन्यमापक दिले, तर मोहावेत जी जाण हंगामाबरोबर वाहून जाते ती येथे गावातच मुरेल. निधी तीन वर्षांच्या मुदतीने न देता किमान पंधरा वर्षांसाठी बांधून द्यावा, एवढीच काय ती कठीण अट आहे.

इंदिरा गांधी कालव्याने मरुभूमीच्या पश्चिम कडेचा चेहरा पालटला, भाडला येथे सुमारे चौदा हजार एकरांवर २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले, आणि आणखी योजना मंजुरीच्या रांगेत आहेत. या सर्वांना सरसकट विरोध करणे माझ्या मनात नाही. परंतु अशा प्रत्येक योजनेच्या अहवालात सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांपुढे ‘आढळले नाहीत’ असा शेरा मारण्याची जी सोपी रीत पडली आहे, तिला आळा बसला पाहिजे. शोध कोणत्या महिन्यात घेतला, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, त्यापूर्वी पाऊस किती दिवसांमागे पडला होता, आणि त्याच जागी किती वेळा फेरी झाली, हे चार प्रश्न मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारावेत. आणि चारांपैकी एकाचेही उत्तर अहवालात नसेल, तर तो शेरा ग्राह्य न धरता कागद परत पाठवावा.